पट्टा पडला

आनंदी राहायला नशीब लागत नाही, सवय लागते! हे मी फोनवर व्हिडिओत बोलणाऱ्या एका बाईंकडून शिकलो आणि ठरवूनच टाकलं, की आपण गावातला सगळ्यात सुखी माणूस व्हायचं. तसं ते अवघड नव्हतं. दिवाळी झाली की आमचं आष्टीकडचं गाव ऊसतोडीला निघून जातं. मागं उरतात म्हातारी माणसं, शेरडं आणि मी, कारण माझी पिठाची गिरणी आहे. स्पर्धा अशी कुणाशी नव्हतीच.

खरं सांगू का, मला सटव्याची लई आठवण येत होती. सटवा माझा लहानपणापासूनचा दोस्त. तो बायकोला घेऊन कारखान्यावर गेला, की संध्याकाळी गिरणीच्या पायरीवर माझ्याशी भांडायला कुणी उरत नाही. घास गोड लागत नाही. म्हणून बाईंचं बोलणं मनावर घेतलं. त्या म्हणायच्या, आनंद दिसला की तिथल्या तिथं मोठ्यानं बोला. काही बिघडलं तरी चिडू नका, त्याचंही हसून स्वागत करा.

चहा चांगला झाला, मी ओरडलो, "वा, चहा!" ऊन आलं, "वा, ऊन!" सटव्याची आई, चंद्रभागाकाकू, समोरच राहतात. त्या ओट्यावरून माझ्याकडं काळजीनं बघायच्या.

संक्रांत झाली आणि एका सकाळी चालू गिरणीचा पट्टा तुटून पडला. एरवी मी त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. पण आता सवय लागली होती ना! बाहेर आलो, दोन्ही हात वर केले आणि हसत ओरडलो, "पट्टा पडला!"

काकू ताडकन उठल्या. "खरं का रे अजिनाथा?"

"खोटं कशाला सांगू? आत्ताच पडला."

"मंग आता कवा?"

"सांजंपस्तोर येतंय की सगळं जाग्यावर."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या गिरणीवर त्यांची इतकी माया असेल, असं कधी वाटलं नव्हतं. "वा, काकू!" म्हणालो आणि नवा पट्टा आणायला मोटारसायकल काढून आष्टीला गेलो.

दुपारी परत आलो तर फाट्यावर सुंदररावआबा आणि गावातले सगळे म्हातारे धुतलेले पटके बांधून बसलेले.

"कुनाचं लगीन हाय का, आबा?"

"लगीन कशाचं? तूच म्हनलास ना, पट्टा पडला. कुठवर आल्यात गाड्या?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कारखान्याचं गाळप संपलं, की आमच्याकडं 'पट्टा पडला' म्हणतात. पट्टा पडला म्हणजे माणसं घराकडं निघाली. आणि गाळप संपायला अजून होळी यायची होती! फोन करून कुणी खात्री करावी, तर दिवसभर उसाच्या फडात कुणाचा फोन लागत नाही.

"आबा, जरा घोटाळा झालाय."

"घोटाळा कशाचा? गाडी पंक्चर झाली आसंल," आबा म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडं बघत बसले.

गावात शिरलो तर अंगणं सारवलेली, भिंतींवर वाकळा उन्हाला टाकलेल्या. गिरणीसमोर डब्यांची रांग. दिवाळीपासून ज्यांनी नुसती ज्वारी दळून नेली, त्यांनी आज गहू आणले होते. सगळ्यात पुढं काकू.

"कर बाबा गिरणी चालू लवकर. सटव्याला पुरनपोळी लागती. फडात कोन करून घालतंय त्याला?"

"काकू, ऐका ना."

"आदी दळ. मंग ऐकते."

मी आत जाऊन पट्टा बसवला आणि दळलं. भित्रा माणूस दुसरं काय करणार? सगळ्यांचं दळण होऊन बाया घरी गेल्या, काकू तेवढ्या डब्यातलं पीठ दाबत थांबल्या होत्या. मी मोटार बंद केली आणि एका दमात सांगून टाकलं, "काकू, माझ्या गिरणीचा पट्टा पडला होता. कारखाना चालू हाय."

काकूंचा हात गरम पिठात तसाच राहिला. त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी सावकाश डब्याचं झाकण लावलं.

"फाट्यावर जाऊन आबाला सांगून येतो," मी म्हणालो.

"आत्ता नगं," काकू म्हणाल्या. "दिस मावळू दे."

दिवस मावळल्यावर सांगितलं. पोळ्या उदंड झाल्या होत्या आणि खाणारी तोंडं कमी होती. आबांनी मला गिरणीत सगळ्यांदेखत शिव्या घातल्या, पण आधी पोळी खाऊन घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दळण न आणताच येऊन पायरीवर बसल्या.

"काय पायजे, काकू?"

"काई न्हाई. काल दिवस लई चांगला गेला बघ." थोडा वेळ त्या फिरत्या पट्ट्याकडं बघत राहिल्या. "आज न्हाई का पडायचा ह्यो?"

"न्हाई काकू. नवा हाय. लई घट्ट बसवलाय."

"येवढा घट्ट कशाला बसवलास रे?"

मी पान्हा कुठं ठेवलाय, ते शोधायला लागलो.