गादीचं ॲप आणि मामांचा अभिप्राय

नवी कल्पना कुणालाही सुचते, पण ती फोफावायला योग्य माणूस योग्य खुर्च्यांवर बसावा लागतो. आमच्या शहरातल्या सात बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांत मिळून बेचाळीस खुर्च्या आहेत आणि बसणारे अकरा जण. (उरलेल्या खुर्च्यांवर तेच पुन्हा बसतात.) त्यांतले ज्येष्ठ काकासाहेब. ते सकाळी गादी कारखान्याचे, दुपारी रुग्णालयाचे आणि संध्याकाळी अंत्यविधीचं साहित्य विकणाऱ्या कंपनीचे संचालक असतात. तिन्हीकडचा ग्राहक आडवाच असतो, हे आधी त्यांच्याच ध्यानात आलं.

गादी कारखान्याचं ॲप झकास चाललं होतं. रुग्णालयाने ते घ्यावं, असं काकासाहेबांनी सुचवलं. रुग्णालयाने कारखान्याचा अनुभव विचारला, तोही काकासाहेबांनीच कळवला. मग ॲपमध्ये 'गादी'च्या जागी 'रुग्ण' घातलं आणि बाकीचे नियम तसेच ठेवले. त्यांतला एक असा: तक्रार प्रलंबित असेपर्यंत माल हलवू नये.

माझे मामा खडखडीत बरे होऊन घरी निघाले होते. ॲपने अभिप्राय मागितला. मामांनी 'चहा गार' असं नोंदवून एक तारा दिला आणि त्यांची सुटका थांबली.

"अहो, द्या ना पाच तारे आणि या घरी," मामी फोनवर म्हणाल्या.

"चहा गार होता तर गारच म्हणणार," मामा म्हणाले.

तक्रार संयुक्त डिजिटल समितीकडे गेली. तिथे रुग्णालयातर्फे काकासाहेब होते, कारखान्यातर्फे काकासाहेब होते आणि तटस्थ अध्यक्ष म्हणून काकासाहेब होते. सखोल चर्चेअंती ठराव झाला: इतर सहा कंपन्यांत अशी तक्रार नाही, सबब चहा गरम आहे. मामा हटले नाहीत.

आठवड्याने ॲपवर सूचना आली: 'न उचललेला माल सहयोगी कंपनीकडे वर्ग होईल.'

"ही सहयोगी कंपनी कुठली हो?" मामांनी नर्सबाईंना विचारलं.

त्यांनी सांगितलं. मामांनी तिथल्या तिथे पाच तारे दिले आणि 'चहा म्हणजे अमृत' असंही लिहिलं. संध्याकाळी ते घरी होते. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

असे समाधानी अभिप्राय आता नऊ हजारांवर गेले आहेत. परवा आईला कुठे दाखल करावं म्हणून तुम्ही ते वाचलेत, 'एवढी माणसं खोटं कशाला बोलतील?' म्हणालात आणि खोली घेतलीत. निवड उत्तम आहे. आईंना तेवढं सांगून ठेवा, चहा फार छान असतो म्हणायचं.