साक्षगंधातील मुंग्या

रोग होणे हा अपराध नव्हे. परंतु तो लपविण्यासाठी लेकीच्या मुखी असत्य घालणे, हा पित्याचा फार मोठा प्रमाद होय. कोरपन्याजवळच्या एका गावात डोमाजींच्या हातून तो घडला.

पूर्वी ते पायीच कपाशीच्या वावरात जात. पुढे सिमेंट कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणून बसले. मोटारसायकल आली, ट्रकवाल्यांसोबतचा गोड चहा आला आणि त्यांच्या मागोमाग मधुमेहही आला. गोळ्या हळदीच्या डब्यामागे दडल्या.

"रुपे, कोणी पुसलं त वाताच्या गोळ्या हाय म्हणजो. साखर हाय म्हटलं त सोयरीक मोडन."

लेक रुपालीने मुकाट्याने मान डोलावली. ती मान डोमाजींना दिवसभर सलत राहिली.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या मांडवात दोन्ही इवाई, म्हणजे व्याही, शेजारी बसले. एकमेकांचे तोंड गोड करणे ही तेथील रीत; नाकारणे म्हणजे संबंधच नाकारणे. वराचे वडील दादाजी यांनी पेढा पुढे केला.

"घ्या इवाई."

"चहासंगं खातो ना," म्हणत डोमाजींनी तो सदऱ्याच्या खिशात सरकवला. मग त्यांनीही दादाजींना पेढा दिला. तो पेढाही चहाची वाट पाहू लागला. पुढे नवरदेवाच्या मामांचा लाडू आला, आत्याबाईंची जिलेबी आली. जिलेबीही खिशातच गेली आणि पाक पाझरू लागला.

मांडवाच्या खांबावरून मुंग्यांची रांग निघाली. पहिला चावा बरगडीवर बसला. डोमाजी हसतमुख राहिले.

"काऊन, इवाई, घाम फुटून राह्यला?" दादाजींनी विचारले.

"उकडून राह्यलं, दुसरं काई नाई."

एवढ्यात रुपाली पाया पडायला वाकली आणि मुंग्या काखेत पोहोचल्या. डोमाजी सदरा झटकत ताडकन उठले. जिलेबी लेकीच्या ओंजळीत पडली, पेढा तिच्या पदरावर.

"आमचं गोड तुमाले चालत नाई का?" मामांनी विचारले.

डोमाजींची मान खाली गेली. "मले साखर हाय. लेकीले खोटं बोलाले लावलं मी. तिचा दोष नाई."

मात्र दादाजींचाही एक खांदा चमत्कारिक उडत होता. डोमाजींनी पाहिले, मुंग्यांची रांग आपल्यापाशी थांबली नव्हती. ती पुढे दादाजींच्या खिशात गेली होती.

दादाजींच्या पत्नी आशाबाई शांतपणे म्हणाल्या, "उठा आता तुमीबी. कवापासून चावून राह्यल्या."

दादाजी उठले. त्यांच्या खिशातून दोन पेढे आणि एक चेपलेला लाडू पडला.

"गोळ्या माया पिशवीत हाय," आशाबाईंनी सांगून टाकले. "मलेबी वाताच्या म्हणाले लावलं होतं."

रुपालीने ओंजळीतली जिलेबी ताटात ठेवली आणि नवरदेवाकडे, सुरेंद्रकडे, पाहिले. "मंग लग्नाच्या आधी आपण दोघंबी साखर तपासून घेऊ. दोन्ही घरचं दुखणं हाय ते."

"हो," सुरेंद्र म्हणाला, "आन् दवाखान्यात पायीच जाऊ."

दोन्ही इवाई सदरे झटकत, पाय मोकळे करायला गावतळ्याच्या पाळीने चालू लागले. पुष्कळ वेळ कोणीच कोणाकडे पाहिले नाही. मग एकाच वेळी दोघांनी काख खाजवली.

त्या दोन्ही घरांच्या पायांना चाल लाभो, जिभेला आवर लाभो. आणि खरे बोलण्यासाठी पुन्हा कधी मुंग्यांना तसदी न पडो.