हरभऱ्याची प्यादी

बुद्धिबळ शिकवावं तर बाळकृष्णरावांनी! बाळकृष्णराव म्हणजे मीच. सगळं तंजावूर लवकरच असं म्हणणार, याची त्या वर्षी मला पक्की खात्री होती. घरोघर नवी केबल आली होती आणि पोरं टीव्हीला गोचिडासारखी चिकटली होती. त्यांना ओढून मी आमच्या हॉलमध्ये पटावर बसवलं. मधली घरं धरा, घोडे-उंट लवकर बाहेर काढा, राजाचा किल्लेकोट करा! ऑफिसातून आलो की माझं हेच चालायचं.

बायकोला, म्हणजे सुप्रभाला, तो हॉल शिलाई मशीनसाठी हवा होता.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळांची स्पर्धा आहे ना? आपली भुवना कप आणू दे. नाही आणला तर वर्ग बंद, माझी मशीन आत!"

"होंदे!" मी छाती फुगवून म्हणालो. वर्ग म्हणजे माझा जीव की प्राण, पण लेकीवर भरवसा होता.

घटस्थापनेला घरी येतो तो काय! नवरात्राचा कोलू, म्हणजे बाहुल्यांची आरास मांडलेली, आणि बाहुल्यांच्या पायऱ्यांवर माझ्या दोन्ही संचांतल्या अस्की, म्हणजे झाडून सगळ्या सोंगट्या राजदरबारापुढे फौज म्हणून उभ्या!

"अगं, हा माझा वर्ग आहे!"

"आता हात लावायचा नाही! कोलूत बसवलेलं दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. तुमच्या आईंनीच शिकवलंय मला."

आईचं नाव निघालं. संपलं!

पण मी हार मानणारा नव्हे. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं गोळा केली, त्यांवर राजा, वजीर, हत्ती अशी नावं लिहिली. प्याद्यांना झाकणं पुरेनात. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुंडलची फोडणी दरवळली. नवरात्रात ही उसळ रोज व्हायचीच. काबुली हरभरे पांढरी प्यादी, काळे हरभरे काळी प्यादी! स्वतःच्या अकलेवर मी खूश झालो.

फक्त एक झालं. मारलेलं प्यादं पोरं खाऊन टाकू लागली.

"आता एक प्यादं मुद्दाम सोडायचं," मी शिकवत होतो, "आणि त्या बदल्यात हल्ला चढवायचा!"

"सोडायचं?" भुवना किंचाळली. "अप्पा, त्याला खोबरं लागलंय!"

नऊ दिवसांत एकाही पोराने प्यादं सोडलं नाही. ज्याचं त्याचं लक्ष दुसऱ्याच्या हरभऱ्यावर.

स्पर्धेत भुवना थेट अंतिम डावात पोहोचली. समोर माझ्या ऑफिसातल्या शेषाद्रीचा श्रीहर्ष. त्याला मद्रासचा कोच! श्रीहर्षने ऐटीत एक प्यादं पुढे सोडलं. भुवनाने ते मारलं आणि सवयीने तोंडात टाकलं!

"अय्यय्यो! तुप्पु, तुप्पु!" पंच धावले.

भुवनाने लाकडी प्यादं तळहातावर थुंकलं. "मीच मारलं की!" ती म्हणाली. पंचांनी ते रुमालाने पुसून बाजूला ठेवलं, तिला दम दिला आणि डाव पुढे सुरू केला. गेला हॉल!

पण श्रीहर्ष पांढराफटक! हल्ल्यासाठी आणखी एक प्यादं सोडायची त्याची पाळी आली, तसा त्याने हात मागे घेतला. "सर, ती चावते!"

हल्ला तिथेच बारगळला. कोंबडीने अंडी घ्यावीत तशी पोरगा आपली प्यादी पोटाखाली घेऊन बसला. भुवनाने ते एक जास्तीचं प्यादं जपत जपत शेवटच्या घरात नेलं, त्याचा वजीर केला आणि मात!

मी खुर्चीवर उभा राहून ओरडलो. शेषाद्रीने विचारलं, "राव, ही कुठली पद्धत?"

"घरगुती!" मी कप उंचावला. त्या क्षणी मी तंजावूरचा राजाच होतो!

हॉल वाचला. कोलू उतरला, खऱ्या सोंगट्या पटावर मांडून मी थाटात बसलो. संध्याकाळी अख्ख्या गल्लीतली पोरं आली, पटाकडे एकदा बघितलं आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली.

"मामी, आजची प्यादी शिजली का?"

वर्ग आता तिथेच भरतो. शिकवतो अर्थात मीच. फक्त आदल्या रात्री हरभरे भिजत घालायचं कामही माझ्याकडे आलंय.