मी निवडलेला मॅनिफोल्ड

निवड करायची असेल तर मला बोलवावं, असं माझं स्पष्ट मत होतं. 'होतं' म्हणतेय, एवढं ध्यानात ठेवा!

घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. कुणाची पँट आखूड कर, कुणाचा कोट सैल कर, पडदे शिव. शिकायला कुठे गेले नाही. जुने कपडे उसवून उसवून शिकले. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू उसवली की समजते, असा माझा समज! घराच्या मागे शेड आहे. तिथे आमचे हे असतात, आणि ह्यांचा ट्रक.

हा ट्रक मालवाहतुकीतून बाद झालेला. ह्यांनी तो पुन्हा उभा केला. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, वर टर्बो, आवाज असा की माझ्या कपाटातल्या बरण्या एकमेकींना टाळ्या देतात. उपयोग एकच. वर्षातून एकदा मैदानात वजनाची घसरगाडी ओढायची. पुढे जावं तसं तिच्यावरचं ओझं सरकत येतं आणि ट्रकला अजून जड होतं. शेवटच्या टोकाला लाल झेंडा. माझे धाकटे दीर दरवर्षी आपल्या ट्रकने तो झेंडा ओलांडतात, खिडकीतून मान काढतात आणि ओरडतात, "दादा, येतोयस ना? की मुक्काम करतोस तिथेच?"

हे हसतात. पण घरी आले की चहावर साय धरेपर्यंत कपाकडे बघत बसतात. एकदा, फक्त एकदा, धाकट्यासमोर तो झेंडा ओलांडायचा. बाकी ह्या माणसाने आयुष्याकडे काही मागितलेलं नाही.

घोडं अडलं होतं हवेपाशी. इंजिनाला हवा वाटून देणारा जो डबा असतो, तो इनटेक मॅनिफोल्ड. कंपनीचा जुना डबा मधल्या सिलिंडरांना पोटभर वाढायचा आणि कडेच्यांना उपाशी ठेवायचा. म्हणून बाहेरचा, शर्यतीसाठी बनवलेला घ्यायचा होता. त्यात दोन प्रकार. एक लांब नळ्यांचा, इंजिन हळू फिरतं तेव्हा जोर देणारा. दुसरा बुटका, मोठ्या पेटीचा, इंजिन जोरात फिरतं तेव्हा कामाला येणारा.

ह्या दोघांचे गुणदोष हे मला जेवताना सांगायचे, कपडे वाळत घालताना सांगायचे. मी दाढ काढायला गेले होते तेव्हा, माझ्या तोंडात कापूस असतानाही सांगितलं!

"अहो, मग घ्या की बुटका!"

"पण सुरुवातीचा जोर गेला तर?"

"मग लांब नळ्यांचा घ्या!"

"पण शेवटी दम संपला तर?"

असं करता करता सहा महिने गेले. शेवटी मीच मनावर घेतलं. शिवताना मोबाइल मशीनला टेकवून ठेवला आणि इंजिनांचे व्हिडिओ बघत सुटले. लोक टाचलेल्या पँटा न्यायला यायचे आणि टर्बोचा दाब ऐकून जायचे. एक दिवस सुई खोवली आणि शेडमध्ये गेले.

"बुटका घ्या. मैदानात तुमचा पाय शेवटपर्यंत दाबलेलाच असतो ना? मग हळू फिरण्याशी आपल्याला काय देणंघेणं?"

हे स्पॅनर हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, हे मला कसं सुचलं नाही?"

ही निवड बरोबर होती. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण ह्यापुढे माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही.

मॅनिफोल्ड बनवणाऱ्याला फोन केला. ह्यांनी इंजिनाची हवेची तोंडं आधीच घासून मोठी केलेली, त्यामुळे तयार माल बसणार नव्हता. तो म्हणाला, "ताई, पेटी तयार आहे. इंजिनाला टेकणारी पट्टी तेवढी तुमच्या मापाने कापतो. कागदाचा खाका पाठवा. कागदात असेल तसंच येईल."

हे पेन्सिल शोधायला निघाले. मी अडवलं. "ह्या घरात कागद कोण कापतं?"

"तू."

"मग बसा!"

ह्यांनी मोठ्या तोंडांच्या मापाने कापून ठेवलेली गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसते ती चपटी पट्टी, आणली, खाकी कागदावर पसरली, खडूने आखली. बोल्टची भोकं काजांसारखी जिथल्या तिथे पाडली. आणि हवेची सहा तोंडं कात्रीने गोल गोल कापून मोकळी झाले. हात आपोआप चालत होता. डोळे पुढच्या व्हिडिओकडे!

मॅनिफोल्ड आला. काय रूप! असा चकचकीत की मी त्यात बघून केस सारखे केले. बोल्ट पटापट बसले. माझी छाती फुगली. एवढ्यात हे म्हणाले, "अगं, ही तोंडं जरा बारीक वाटतात का?"

दुसरी कुणी असती तर वाकून बघितलं असतं. मी म्हणाले, "पाण्याचा पाइप बोटाने दाबला की पाणी कसं लांब उडतं? तसंच हे. हवा जोरात जाणार!"

हे "हो, तेही आहेच" म्हणाले आणि बोल्ट आवळला. सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझं इतकं का ऐकतो, देव जाणे!

मैदानात मी सगळ्यांत पुढे उभी राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "मॅनिफोल्ड मी निवडलाय बरं का!" भाऊजींनाही सांगितलं. ते हात जोडून म्हणाले, "मग आज माझं काही खरं नाही, वहिनी."

ह्यांनी पाय दाबला. ट्रक गरजला आणि धूर निघाला. काळाकुट्ट! आधी पंच दिसेनासे झाले, मग घसरगाडी, मग ह्यांचा अख्खा ट्रक. मला वाटलं, एवढा धूर म्हणजे केवढा जोर! मी उड्या मारून ओरडत होते, "अजून दाबा! अजून!" आणि ते बिचारे अजून दाबत होते.

धूर विरला. पंचांच्या पांढऱ्या टोप्या कोळशाच्या वखारीतल्या झाल्या होत्या. आणि ट्रक? गेल्या वर्षी जिथे दमला होता, त्याच्याही अलीकडे उभा! झेंडा इतका लांब, की दुसऱ्याच कुणाच्या शर्यतीतला वाटावा.

हे खाली उतरले. काळवंडलेल्या चेहऱ्यात फक्त डोळे. माझ्यासमोर येऊन म्हणाले, "तू एवढं निवडून दिलंस, आणि मलाच चालवता आलं नाही गं."

माझं डोकंच फिरलं. चारचौघांत त्या मॅनिफोल्डवाल्याला फोन लावला. "फसवलंत आम्हाला! लाज नाही वाटत?" आणखीही बरंच बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो सगळं ऐकून शांतपणे म्हणाला, "ताई, कागदाबरहुकूम केलंय. एकदा उघडून बघा."

भाऊजींनीच पाना आणून मॅनिफोल्ड उघडला. इंजिनाचं तोंड मोसंबीएवढं. पट्टीतलं भोक लिंबाएवढं; हवाच पुरत नव्हती, म्हणून तो नुसता धूर. मी त्या कडेवर बोट ठेवलं आणि गार पडले. ते अंतर माझ्या बोटाला माझ्या नावाइतकं पाठ आहे. अर्धा इंच!

गळा कापताना आखलेल्या रेषेच्या अर्धा इंच आत कापायचं. शिवणीत तेवढं जातं आणि गळा मापात बसतो. सव्वीस वर्षं मी हेच करत आलेय. मी इंजिनाला शिलाई सोडली होती!

फोन अजून चालू होता. "ताई? हॅलो? ताई?" मी तो हळूच बंद केला.

"दादा," भाऊजी भोकात दोन बोटं घालून म्हणाले, "हे असलं माप कुणी दिलं रे?"

मी ते बोट मुठीत लपवलं. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. शिलाईतलं ह्यांना काही कळत नाही, पण माझा चेहरा कळतो.

"मी," हे म्हणाले. "मीच दिलं. घाईत चुकलं."

"दादा, तू पण ना! वहिनींनी एवढं छान निवडलं, आणि तू माती केलीस!" सगळे हसले. हेही हसले. आणि मी, तोंडाने सतत चालणारी बाई, त्या हसण्यात मान खाली घालून उभी राहिले.

परत येताना विचारलं, "का सांगितलंत तसं?"

"त्याचे टोमणे मला अंगवळणी पडलेत. तुला कुठे सवय आहे?"

मी पदराने ह्यांच्या कपाळावरची काजळी पुसली.

दुसऱ्या आठवड्यात पट्टीतली भोकं वाढवून घ्यायला त्या मॅनिफोल्डवाल्याकडे गेलो. मी गाडीतच बसणार होते. हे म्हणाले, "फोनवर ओरडलीस ती तू. माफी मी मागू का?" गेले. माफी मागितली मी. तो भला माणूस म्हणाला, "असू द्या हो ताई, होतं." मग पट्टी टेबलावर ठेवून मोजायला लागला. एक भोक मोजलं. दुसरं मोजलं. तिसऱ्याला चष्मा वर केला.

"साहेब, हा खाका तुम्ही कापलात?"

मी ह्यांच्या पाठीमागे सरकले.

"सहाच्या सहा तोंडं, चारी बाजूंनी, बरोबर अर्धा इंच आत! केसाचा फरक नाही! आमच्या मशीनवर असं जमत नाही हो. कुणाचा हात आहे हा?"

मैदानात सगळं स्वतःच्या अंगावर घेणारे आमचे हे, इथे मात्र मला हाताला धरून पुढे ओढत म्हणाले, "हिचा! आमच्या हिचा! नुसत्या कात्रीने!" एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. पलीकडच्या लेथवरच्या माणसालाही हाक मारली, "अहो, तुम्हीपण या, बघा!"

चार माणसं जमली. माझी चूक हातोहात फिरली. प्रत्येकाने ती उजेडात धरून बघितली आणि मान डोलावली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं! पण तिथली जमीनही सिमेंटची.

"पुरे झालं," मी म्हणाले, "आता तेवढं उसवून द्या."