लेकीची वाकडी अक्षरं

भिंतीवर नुसता एक हात फिरवायचा, एवढंच पेंटरांनी ठरवलं होतं. (बायकोचा अनुभव असा, की पेंटर ‘नुसता’ म्हणाले की बादली-फडकं जवळ घेऊन बसावं.)

चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. अक्षर कसं, पट्टी लावून तपासून घ्यावं! आणि त्यांच्याच घरामागच्या भिंतीवर लेकीनं स्प्रेच्या डब्यांनी फुगलेली, एकमेकांच्या अंगावर चढलेली, ओघळ सुटलेली अक्षरं काढून ठेवलेली. हिप हॉपचं वेड, म्हणजे ती धडधडती गाणी आणि त्यांच्या जोडीनं आलेली ही भिंतीवरची चित्रं, दुसरं काय! त्यावरून बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं. लेक परगावी गेली, त्याच वेडावर नाव कमावलं, पण तीन वर्षांत घरी फिरकली नाही. पेंटर रोज सकाळी त्या भिंतीसमोर चहा घेऊन बसत. पोरीची इतकी आठवण यायची, की चहा गार होऊन जायचा.

अन् एक दिवस तिचा फोन आला. हिप हॉपमधून आलेल्या चित्रकलेचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, आणि तिला आपल्या पहिल्या भिंतीचा फोटो हवा होता. रविवारी येणार होती, तीही दोनच तास.

पेंटरांनी हौसेनं जुने ब्रश धुतले. आधी एक ओघळ पुसला. मग शेजारचा डोळ्यांत खुपू लागला. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळी अक्षरं कवायतीला उभी राहिल्यासारखी ताठ, मागे पिवळी सावली, आणि कोपऱ्यात सवयीनं स्वतःचा फोन नंबर!

“बाबा, हे काय करून ठेवलंत?” रविवारी लेक मटकन खालीच बसली.

“सरळ केली गं. चार लोक बघणार, म्हटलं जरा…”

“अहो, वाकडी होती म्हणूनच बघणार होते!”

पेंटरांचं तोंड एवढंसं झालं. पण फोटो तर हवाच होता. भिंत पुन्हा रंगवायला लेक आठ दिवस राहिली. ती शिडीवर, शिडी धरायला पेंटर. तिच्या गाण्यांच्या ज्या धडधडीवर ते पूर्वी खेकसायचे, तिच्यावर आता त्यांचा पाय हलू लागला. नवव्या दिवशी ती गेली आणि घर खायला उठलं.

दहाव्या दिवशी पेंटरांनी फोन लावला. “अगं, ते डावीकडचं अक्षर जरा कललंय का? नुसता एक हात…”

“बाबा, ब्रशला हात लावू नका! मी येते!”

पेंटर गड जिंकल्यासारखे वळले, तर दारात बायको. ब्रश तिनं कालच लपवून ठेवले होते.

“जगाच्या पाट्या रंगवल्यात,” ती म्हणाली, “पण पोरीला सरळ ‘ये’ म्हणायला काही तोंड उघडेना!”