शार्कचा आवाज

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गंगणेकाकांना फोन लावला, तर तो कोण उचलेल ते सांगता येत नाही. घरात ते एकटेच असतात, त्यामुळे उचलतात तेच. पण कधी पलीकडून खोकणारा म्हातारा बोलतो, कधी नाकातून बोलणारी बाई. वाकडला फ्लॅट घ्या म्हणून मागे लागलेल्या एका मुलीला त्या बाईने वीस मिनिटं आपल्या गुडघेदुखीची हकीकत ऐकवली होती. शेवटी "आजी, काळजी घ्या" म्हणून त्या मुलीनेच फोन ठेवला.

काका मूळचे बीडकडचे. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळे, मिशी मात्र दोन माणसांना पुरून उरेल एवढी. चाकणच्या एका कंपनीत ते डिस्पॅचला आहेत. मागच्या वर्षी आम्ही रहाटणीच्या या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये भेट झाली. एक बाई गोड आवाजात म्हणाली, "तिसरा मजला. कृपया दार बंद करा." मी मुकाट्याने दार बंद केलं. आमच्या लिफ्टला आवाजच नाही, हे मला दोन दिवसांनी कळलं.

ते प्रसिद्धीला आले या उन्हाळ्यात. सुट्टी लागली म्हणून चेअरमनसाहेबांनी पार्किंगमध्ये पडदा लावून मुलांसाठी इंग्रजी कार्टून सिनेमा ठेवला होता. थापा मारून मोठा झालेल्या एका माशाची गोष्ट. सिनेमा सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला स्पीकर गेला. पडद्यावर मासे तावातावाने भांडतायत आणि ऐकू काहीच नाही. मुलांनी ओरडायला सुरुवात केली. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक घोगरा, पाणी भरल्यासारखा आवाज आला, "कोण रे तिकडं? माझ्या इलाख्यात काय करायलास?"

तो शार्क होता. म्हणजे गंगणेकाका होते. मग त्यांनी शार्क काढला, छोटा मासा काढला, त्याची प्रेयसी काढली आणि एक खेकडा काढला, जो कुठल्याही प्रसंगी "आमच्या टायमाला असं नव्हतं" एवढंच म्हणायचा. तासभर मुलं हसून लोळली. संपल्यावर कुणीतरी विचारलं, "काका, तुम्ही खऱ्या सिनेमात आवाज देता का?"

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "मराठीत आलाय ना हा सिनेमा, त्यातला शार्क मीच."

एवढंच वाक्य. पण सकाळपर्यंत ते चारही विंगमध्ये पोचलं होतं.

त्यानंतर काकांची चाल बदलली. गळ्यात मफलर आला, तोही मे महिन्यात. ताक बंद, लोणचं बंद. "घसा म्हणजे आपलं मशीन आहे, राव," ते मला सांगत. "मेंटेनन्स नको?" शार्कचा आवाज घोगरा का, याचंही कारण त्यांच्याकडे तयार होतं. "चोवीस तास पाण्यात राहतो. सर्दी होणारच ना त्याला?"

पिंपळे सौदागरपासून काळेवाडीपर्यंत पोरांच्या वाढदिवसांना त्यांना बोलावणी येऊ लागली. कंपनीतही बातमी गेली. "तीन नंबरच्या गाडीचे ड्रायव्हर, लवकर या, नाहीतर गिळून टाकीन," अशी घोषणा माइकवरून होऊ लागली आणि म्हणे गाड्या वेळेवर सुटू लागल्या. निवडणुकीची तयारी करणाऱ्या एका भाऊंनी तर रिक्षावर लावायला त्यांच्याकडून प्रचार रेकॉर्ड करून घेतला. "माझ्या मतदार बंधू-भगिनींनो" एवढं ऐकूनच आमच्या गल्लीतली दोन कुत्री पळाली. रिक्षा दुसऱ्या दिवशी दिसली नाही.

मग सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांचा सत्कार ठरला. गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर शार्क होता आणि शार्कला काकांची मिशी होती.

सत्काराच्या आधीच्या गुरुवारी माझी मुलगी सानिका मोबाइल घेऊन माझ्यापुढे आली. ती सहावीत आहे आणि कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत वाचते. "बाबा, मी तो शार्कचा सिनेमा मराठीत पूर्ण पाहिला. शेवटी सगळ्यांची नावं येतात. गंगणे कुठेच नाही."

आम्ही दोघांनी ती नावं परत वाचली. खरंच नव्हतं.

"मी कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "पण रविवारी स्टेजवर कुणी विचारलं तर?"

मी वर गेलो. गुरुवारी चाकणला सुट्टी, म्हणजे काका घरी. दुपारची वेळ होती. बेल वाजवणार तोच आतून बोलणं ऐकू आलं. चार-पाच माणसं असावीत. कुणी लग्न मोडल्याचं सांगत होतं, कुणी विहिरीच्या पाण्यावरून भांडत होतं. पाहुणे आलेत असं समजून मी परतणार होतो, पण दार नुसतंच लोटलेलं होतं.

आत पाहुणे नव्हते. टीव्हीवर समुद्रातले मासे फिरत होते, आवाज बंद होता आणि समोर बसून काका एकटेच सगळ्यांचं बोलत होते. भिंतीकडेला एक लोखंडी पलंग होता. त्यावर घडी घातलेली गोधडी होती.

मला पाहून ते गप्प झाले. मासे तोंडं हलवत राहिले.

"आईसाठी सुरू केलं होतं," ते म्हणाले. "तिला गावाकडून आणलं तेव्हा दिसायला कमी झालं होतं. इथल्या लोकांचं बोलणं तिला परकं वाटायचं. म्हणायची, बाबा, हितं कुणी आपल्यावानी बोलतच नाही. मग मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि माशांना आमच्या गावचं बोलायला लावलं. खेकडा म्हणजे माझा चुलता. कासव म्हणजे पाटील. हसायची हो. पाच वर्षं चाललं. तुम्ही येण्याच्या आधीच्या दिवाळीत गेली."

"आणि आता?"

"आता सवय आहे." त्यांनी मफलर काढून मांडीवर घेतला. "त्या दिवशी पोरं हसली. लई दिवसांनी कुणीतरी हसलं, म्हणून ते सिनेमाचं खोटं तोंडातून गेलं. तुम्हाला कळलं ना?"

मी सानिकाने वाचलेली नावं सांगितली. त्यांनी मान हलवली. "हुशार आहे लेकरू," एवढंच म्हणाले.

रविवारी गळ्यात हार पडल्यावर काकांनी माइक हातात घेतला. स्वतःच्या साध्या आवाजात म्हणाले, "मंडळी, मी खोटं बोललो. सिनेमातला शार्क माझा नाही. मी कधी स्टुडिओ बघितलेला नाही."

मग चेअरमनसाहेब उठले, डोळे पुसत म्हणाले, "बघा, मोठ्या माणसाचा विनय कसा असतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. काका "अहो, खरंच नाही" म्हणत राहिले आणि लोकांनी त्यांना शाल पांघरली. विश्वास ठेवला तो फक्त पहिल्या रांगेत बसलेल्या सानिकाने. ती टाळ्या वाजवत नव्हती, नुसती त्यांच्याकडे बघत हसत होती.

कार्यक्रम संपल्यावर बी विंगमधल्या कोंडाबाई काठी टेकत काकांपाशी आल्या. परभणीहून मुलाकडे राहायला आल्यात, दिवसभर बाकड्यावर बसून असतात. त्यांनी शार्कचं काही विचारलं नाही.

"ते खेकडं आमच्या तिकडचं बोलायलं होतं," त्या म्हणाल्या. "परत कवा बोलणार हाय?"

पुढच्या गुरुवारी सानिकाने डब्यात चकल्या भरल्या आणि मला ओढत वर नेलं. दार उघडंच होतं. कोंडाबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि खाली चटईवर आणखी दोन आज्या. टीव्हीवर खेकड्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं आणि स्थळ कासवाच्या घरचं असल्यामुळे कोंडाबाईंचा त्याला सक्त विरोध होता. काका खेकड्याचंही बोलत होते, कासवाचंही, मधूनच आज्यांनाही उत्तर देत होते. बोलता बोलता त्यांचा घसा बसला आणि खोकला लागला.

"हळू रे लेकरा," कोंडाबाई म्हणाल्या. "आधी घोटभर पाणी पी. मग बोल."

काकांनी तांब्या उचलला. पाणी प्यायला त्यांना बराच वेळ लागला. तोंड त्यांनी भिंतीकडे केलं होतं. पडद्यावर मासे नुसतीच तोंडं हलवत होते, आणि घरात कुणालाच घाई नव्हती.