राजकन्येचं माप

शरयूकाकू दर जानेवारीत समुद्रापलीकडच्या एका छोट्याशा देशाच्या राजकन्येसाठी साखरेचा मुकुट करायच्या. मुकुट, हार, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा, सगळं हलव्याचं. सोबत स्वतः शिवलेला काळा फ्रॉक. ही मुलगी पुढे त्या देशाची राणी होणार होती. तिच्या घरी हिऱ्यांचे मुकुट कपाटभर असतील, असं मी एकदा सुचवून पाहिलं.

"असतील की," काकू म्हणाल्या. "पण त्यातला एक तरी खाता येतो का?"

काकूंना जाऊन तीन आठवडे झाले. इंग्लंडात, रीडिंग गावी, आमची घरं एका भिंतीने जोडलेली होती, अकरा वर्षं. भिंतीपलीकडे आता काही वाजत नाही. म्हणून लिहायला बसलो आहे, आणि सावकाश लिहितो आहे. घाईत लिहिलेलं काकूंना खपत नसे.

त्यांची नोकरीच तशी होती. तीस वर्षं त्या कौन्सिलच्या ऑफिसात जन्माच्या नोंदी करत होत्या. नवे आईबाप मुलाला घेऊन समोर बसायचे, काकू एकेक प्रश्न विचारायच्या आणि काळ्या शाईने रकाने भरायच्या. 'नोंद असावी' हे शब्द तिथूनच त्यांच्या तोंडी बसले. "तुझा कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर आहे, नोंद असावी." "काल तुझ्याकडे कांदा करपला होता, नोंद असावी." मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं लावतो, पण काकू मला प्रोफेसर म्हणत. मी प्रोफेसर नाही, असं दहा वेळा सांगून झालं. "पाठ तर दोघांचीही दुखते ना? मग झालं."

निवृत्तीनंतर त्यांनी नोंदीसाठी एकच मूल निवडलं. राजकन्येची त्यांच्याकडे एक जाड वही होती. 'पहिला दात: फोटोत दिसला. आधीच आला असणार. ही माणसं उशिरा कळवतात.' 'पहिलं पाऊल: बागेत. बूट घट्ट वाटतात.' 'आजोबांच्या समारंभात रडली. भूक.' घट्ट बुटांबद्दल तर त्यांनी राजवाड्याला पत्रही लिहिलं होतं. छापील आभार आले. काकूंनी तो कागद उजेडात धरून तपासला आणि समाधानाने म्हणाल्या, "सही शाईची आहे. माणूस बरा दिसतो."

गणपतीला मंडळातल्या बायका त्यांना हमखास छेडायच्या. "काकू, आपल्या इथल्या राजवाड्यात मुलं नाहीत का, की तुम्ही परदेशातली धरलीत?"

"आहेत. पण त्यांच्याकडे बघणारे पुष्कळ आहेत."

बायका हसायच्या, काकूही हसायच्या. खरं कारण मला दुसऱ्या वर्षी त्यांनीच सांगितलं, शेंगा सोलता सोलता, मान वर न करता.

काकूंची एकुलती एक मुलगी मृणाल एडिनबराला डॉक्टर आहे. लग्न न करता मूल होऊ द्यायचं तिने ठरवलं, आणि सातव्या महिन्यात आईला फोन करून ते सांगितलं. तीस वर्षांत अशा कितीतरी मुली काकूंच्या टेबलासमोर बसल्या होत्या. प्रत्येकीला त्यांनी पाणी दिलं होतं, बाळाच्या गालाला हात लावला होता आणि काही न बोलता एक रकाना रिकामा सोडला होता. स्वतःच्या मुलीला मात्र त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वडिलांच्या रकान्यात काय लिहिणार?"

मृणालने फोन ठेवला. त्यानंतर उचलला नाही. कार्डांनाही उत्तर आलं नाही. मुलगी झाली, तिचं नाव इरा ठेवलं, एवढं एका नातेवाइकाकडून कळलं. त्याच आठवड्यात ती राजकन्या जन्मली होती.

"ती चालायला लागली की ही पण लागली असेल," काकू म्हणाल्या. "साधारण अंदाज येतो."

हलव्याचे दागिने त्या दर वर्षी दोन संच करायच्या, हेही मला तेव्हाच कळलं. एक राजवाड्याला जायचा. दुसरा कपाटात राहायचा.

इंग्लंडच्या जानेवारीत हलवा करणं म्हणजे हवेशी भांडण. थंडी मुबलक, पण ओल इतकी की दाण्यावर काटा येत नाही. काकू घरातलं हीटिंग बंद करत, ओल शोषणारं मशीन स्वयंपाकघरात घुरघुरत ठेवत आणि शेगडीपाशी तास न् तास कढईत बोटं फिरवत, चमचा चमचा पाक सोडत. मी कोट घालून शेजारी बसायचो. श्वास कढईकडे सोडायला बंदी होती. "प्रोफेसर, तिकडे तोंड कर. तू फार दमट आहेस."

माप त्या वर्तमानपत्रातल्या फोटोवरून घेत. राजकन्येच्या शेजारी तिच्या आईची पर्स असायची. तसलीच पर्स काकूंनी दुकानात जाऊन, विक्रेतीच्या डोळ्यांदेखत, टेपने मोजून आणली होती. पर्स नव्हे, नुसतं माप. त्या हिशेबाने मनगट काढायचं, आणि दोन्ही संच त्याच मापाचे.

बोरन्हाण मूल पाच वर्षांचं होईपर्यंतच करतात. चार संक्रांती अशा गेल्या. पाचव्या संक्रांतीच्या आधी, शरद ऋतूत, त्या राजवाड्याने जाहीर केलं की मुलीला निवांत वाढता यावं म्हणून यापुढे काही काळ तिचे फोटो दिले जाणार नाहीत.

काकू सकाळी चपला घालूनच माझ्याकडे आल्या. वर्तमानपत्र माझ्या टेबलावर ठेवलं.

"आता माप कुठून घेऊ? ही शेवटची संक्रांत आहे रे."

"काकू," मी म्हणालो, "माप एडिनबराहून मागवता येईल."

त्या वर्तमानपत्र उचलून परत गेल्या. दोन दिवस मला दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन हातात घेऊन आल्या.

"तू लिही."

"मी कसं लिहू? तुम्ही लिहा. आणि आधी सॉरी म्हणा."

"पाच वर्षं रोज म्हणतेय. तिला ऐकू जात नाही, त्याला मी काय करू?"

"लिहिलंत का कधी?"

कार्डांवर दर वेळी फक्त 'अनेक आशीर्वाद' असायचं. त्या माझ्या खुर्चीत बसल्या. दुपारभर लिहीत आणि खोडत होत्या. शेवटी मेसेज गेला तो असा: 'इराचं मनगट, कमर, डोकं सेंटिमीटरमध्ये कळव. त्या दिवशी मी ते विचारायला नको होतं. चूक माझी.'

दोन दिवस फोन उशाशी, मग देवासमोर, मग ओट्यावर. तिसऱ्या दिवशी भिंतीवर थापा पडल्या. मी धावत गेलो. स्क्रीनवर फक्त आकडे होते. मनगट तेरा, कमर बावन्न, डोकं पन्नास.

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी चौदा धरून चालले होते," त्या म्हणाल्या. "बारीक आहे रे. खात नसेल."

त्या वर्षी एकच संच झाला. राजवाड्याला एक पत्र तेवढं गेलं, की मुलीचे फोटो देत नाही ते बरोबरच आहे. पार्सलचा खोका मी आणला, त्याच संध्याकाळी मृणालचा मेसेज आला. 'पोस्टाने फुटेल. घेऊन ये.'

मी त्यांना लंडनपर्यंत सोडायला गेलो. केकच्या डब्यात मुकुट, डबा मांडीवर. एडिनबराच्या गाडीत त्यांना बसवून देत होतो तेव्हा समोरच्या बाईने बॅग वर ठेवायला मदत करू का विचारलं, तर डबा पोटाशी धरून म्हणाल्या, "नो थँक यू, धिस इज अ क्राउन."

चौथ्या दिवशी मी त्यांना रीडिंग स्टेशनवर आणायला गेलो. बोरं तिकडे मिळाली नव्हती, द्राक्षं घातली. इराने अंघोळ होण्याआधीच अर्धा हार खाल्ला. एवढं सांगून त्या बाहेर चालू लागल्या.

"तुमच्याकडे आली का?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी नाही. दाराआडून बघत होती. मग मीही लांबूनच बघितलं. मला सवय आहे."

आम्ही टॅक्सीच्या रांगेत उभे होतो. वारा बोचरा होता. तेव्हा माझं लक्ष गेलं, काकूंच्या कोटाची सगळी बटणं एकेक घर वर लागली होती. गळ्याशी एक बाजू उंच, खाली दुसरी लोंबती. इस्त्रीशिवाय रुमाल न वापरणारी बाई अशी पाच तासांचा प्रवास करून आली होती.

"काकू, बटणं चुकलीत." मी हात पुढे केला.

"माहीत आहे," त्या मागे सरकत म्हणाल्या. "निघताना तिने लावून दिलीत. हात लावू नकोस."